शाळा 'आपली' कधी वाटली? तुमचे अनुभव लिहा

उदगीरकर: काल लेक आठवीच्या नव्या शाळेतून आली. डबा उघडला तर पोळ्या तशाच. "कुणाबरोबर बसायचं तेच कळलं नाही, बाबा." मला माझी आठवी आठवली. वडिलांची बदली, उदगीरहून थेट पुणे. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, काय करतोयस? उभा राहून म्हणालो, "लिहूलालो, बाई." अख्खा वर्ग हसला. दिवाळीपर्यंत तोंड उघडलं नाही. डबा सायकल स्टँडमागे खायचो. एकदा शेजारच्या बाकावरचा मुलगा तिथे आला, माझ्या भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "उद्या चटणी जास्त आण." त्या दिवसापासून आई दोघांची चटणी द्यायची.

लिहा सगळ्यांनी. लेकीला वाचून दाखवणार आहे.

पर्वतीपायथा: लिहूलालो!! माझं आजोळ लातूर. डोळे भरून आले हो.

ड तुकडी: आमच्याकडे मार्कांवर तुकड्या. ड म्हणजे जिन्याशेजारचा वर्ग, पंखा बंद. प्रयोग 'अ'ला, आम्हाला फळ्यावर आकृती. पीटीच्या सरांनी विसर्जनाच्या लेझीमला मला पहिल्या रांगेत घेतलं. लक्ष्मी रोडवर आई गर्दीतून हाका मारत होती, हाताला फोड आलेले, तरी लेझीम सोडली नाही. त्यानंतर दहावीपर्यंत एक खाडा नाही. कुकर झाला, बाकी नंतर लिहिते.

किल्लारी९३: ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने १,२०० मुलं पुण्यात शिकायला आणली, त्यातला मी. पुढे वाघोली. आमच्यात सगळेच लिहूलालो म्हणणारे, त्यामुळे भाषेचं काही वाटलं नाही. रात्री लाइट घालवला की मात्र कुणीतरी रडायचंच. मग शेजारचा नुसता हात धरायचा.

कांदेपोहे: चटणी शेंगदाण्याची की कारळ्याची?

उदगीरकर: शेंगदाण्याची. लसूण भरपूर, उखळात कुटलेली. मिक्सरला तसं तेल सुटत नाही.
किल्लारी, काय लिहू तुम्हाला... 🙏

नववीच्या बाई: मी हजेरी आडनावाने घेत नाही. आडनाव उच्चारलं की मागे कुजबुज सुरू होते, हे मी विद्यार्थिनी असताना सोसलंय. गेल्या वर्षी एक मुलगी "हजर" इतकं हळू म्हणायची की दोनदा विचारावं लागे. तिला खडू आणायचं काम दिलं. ती आली नाही तर वर्गच विचारायला लागला, "बाई, आज ती कुठंय?"
आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचे, खासगी शाळांतले २५ टक्के मोफत प्रवेश आठवीपर्यंतच. नववीला फी सुरू झाली की काही मुलं गळतात. जूनमध्ये ते रिकामे बाक बघवत नाहीत.

पर्वतीपायथा: खरंय बाई. अवांतर, अप्पा बळवंत चौकात नववीची जुनी पुस्तकं मिळतात ना अजून? भाचीला हवीत.

ड तुकडी: मिळतात. शनिवारी नको, फार गर्दी.

उदगीरकर: सगळं वाचून दाखवलं. लेक विचारतेय, त्या ताईच्या हाताचे फोड किती दिवसांनी गेले?

ड तुकडी: आठवडाभर होते गं. खोबरेल तेल लावायचे आणि परत सरावाला.