ब्रेकचा पाइप घरी बदलला तर लायसन काढून घ्यायचं?

कोथरूडचा पाना
कालच्या धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं: "ब्रेकचा गळका पाइप घरी बदलणारा दुसऱ्याच्या जिवाशी खेळतो. अशांचं लायसन काढून घ्या." खाली अंगठेच अंगठे. तो धागा बंद झाला, म्हणून इथे लिहितोय.

पुढच्या चाकाचा रबरी पाइप, त्यात एवढं काय आहे? नाना पेठेतून कंपनीचा पाइप आणि तांब्याचे नवे वॉशर आणायचे. गाडी नुसत्या जॅकवर नाही, घोडीवर, म्हणजे गाडीखाली लावायच्या लोखंडी स्टँडवर. लोखंडी लाइनचा नट साध्या पान्याने गोल होतो, फ्लेअर नटचाच पाना घ्या, तो नटाला जवळपास चहूबाजूंनी धरतो. पाइपला पीळ पडू द्यायचा नाही, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून तो कुठे घासतोय का बघायचं, मग एअर काढायची, म्हणजे ब्रेकच्या लाइनमध्ये अडकलेली हवा. ज्याला एवढा धीर नाही त्याने करू नये, मान्य. पण गॅरेजात तरी कोण करतं? नुकतं लागलेलं पोरगं! माझ्या गाडीला एका गॅरेजने जुनेच वॉशर परत आवळले होते. बिलात मात्र नवे.

दिवे घाट उतार
हौस तुमची, पण घाटात तुमच्यापुढे मी असतो. पार्किंगमध्ये पेडल कडक लागलं म्हणजे काम झालं असं नाही. डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळायला हवं, हवेतलं पाणी शोषलेलं असेल तर ती मर्यादा १५५ वर येते. गेल्या पावसाळ्यापासून माळ्यावर उघडा पडलेला डबा वापरलात की झालं. उतारावर वाफ धरली की पेडल थेट तळाला.

कोथरूडचा पाना
आणि गॅरेजातला डबा काय तिजोरीत ठेवतात? मी सीलबंद छोटी बाटली आणतो, उरलेलं पुन्हा वापरत नाही.

ग्रीसचे हात
मी गॅरेजवाला, त्यामुळे शिव्या आधीच मोजून घेतल्या. नुसता पाइप बदलणं जमेल एखाद्याला. पण ब्रेक ऑइलची टाकी कोरडी पडू दिली आणि हवा एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये शिरली, तर बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लावल्याशिवाय ती निघत नाही. मग टोचन लावून आमच्याकडेच येता आणि वर म्हणता, "जरा बघा, काही विशेष नाहीये."

बी विंग तळमजला
हे सगळं राहू द्या. करता कुठे? कॉमन पार्किंगमध्येच ना? आमच्याकडच्या एका इंजिनीअर महाशयांनी ब्रेक ऑइल सांडलं ते थेट माझ्या बॉनेटवर. रंग फुगून निघाला!

कोथरूडचा पाना
लगेच भरपूर पाणी ओतायचं. ग्लायकॉलवालं ऑइल पाण्यात विरघळतं. नुसतं फडक्याने पुसत बसलं तर रंग जाणारच.

बी विंग तळमजला
पाणी? आमच्याकडे टँकर येतो साहेब! तुमच्या प्रयोगासाठी बादल्या ओतायच्या? आणि ते वाहून जाणार कुठे, तर ड्रेनेजमध्ये. जनरल बॉडीत ठराव झालाय, पार्किंगमध्ये गाडीचं काम बंद.

कोथरूडचा पाना
ठराव! तीच जनरल बॉडी गच्चीवर कुणाचे पापड वाळत घालायचे यावर रात्री अकरापर्यंत भांडते. मेंटेनन्स मी भरतो, पार्किंगची चौकट माझ्या नावावर आहे, आणि पाना हातात घेतला की वॉचमन फोटो काढतो. तुमच्या मुलाची बाइक दर रविवारी तिथेच रेस होते, तेव्हा ठराव झोपलेला असतो का?

बी विंग तळमजला
मुलाला मध्ये आणू नका. मी तुमच्या सोसायटीत राहत पण नाही!

कोथरूडचा पाना
मग तुमच्यासारखाच एक आमच्याकडे आहे.

दिवे घाट उतार
विषय ब्रेकचा होता. आता सेक्रेटरी, टँकर आणि पापड झाला.

ग्रीसचे हात
पापडाचं जाऊ द्या. वॉशर नवे घेता आणि सीलबंद बाटली आणता, म्हणजे माझ्या निम्म्या पोरांपेक्षा तुम्ही बरे. हे मी बोललो असं कुणाला सांगू नका. एअर काढायला पेडल कोण दाबतं?

कोथरूडचा पाना
बायको. शिव्या घालत. एबीएसवाल्या गाडीची टाकी कोरडी पडू द्यायची नाही, तेवढं तुमचं मान्य. जनरल बॉडी मान्य नाही. रविवारी मागचा पाइप काढतोय, खाली पत्र्याचा ट्रे ठेवून. हँडब्रेक ओढला की झालं.

दिवे घाट उतार
हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो हो, आणि तुम्ही मागचीच उचलणार. पुढच्या चाकांना ठोकळे लावा आधी!