पावसाळ्यात जलतरण तलाव रिकामा करावा का?

प्रश्न: अलिबागजवळच्या आमच्या घरी जमिनीत बांधलेला, 8 मीटर लांब व 4 मीटर रुंद काँक्रीटचा तलाव आहे. फरशा बदलण्यासाठी तो जुलैमध्ये रिकामा करावा, असे गवंडी म्हणतात. परंतु तेव्हा शेजारची विहीर काठोकाठ भरलेली असते. यात धोका आहे का?

उत्तर 1: निश्चितच आहे. भूजल तळाच्या 1 मीटर वर असेल, तर प्रत्येक चौरस मीटरला खालून सुमारे 1 टन रेटा बसतो, आणि तेवढ्याच क्षेत्रावर 15 सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटचे वजन जेमतेम पावणेचारशे किलो भरते. म्हणजे आपल्या तळावरचा 32 टनांचा रेटा आजवर मुख्यतः आतल्या पाण्यानेच दाबून धरला आहे. भिंतींचे वजन मदतीला येते, पण त्यावर मी तरी विसंबणार नाही.

उत्तर 2: तळाच्या सर्वांत खोल भागात दाबमुक्तीची झडप आहे का, ते पाहावे. बाहेरचा दाब वाढला की ती उघडून भूजल आत घेते. मात्र गाळाने ती अडकू शकते. तलावालगत खडीने वेढलेला छिद्रांचा उभा पाइप पुरून त्यात पंप सोडणे अधिक खात्रीचे, अर्थात वीज टिकली तर.

प्रश्नकर्ता: झडप आढळली नाही. विहिरीची पातळी तलावाच्या तळाखाली गेल्याची खात्री करून काम मे महिन्यात करू.