मदत हवी आहे: नैराश्यावर मशरूमपासूनचं औषध, भारतात कायदेशीर मार्ग आहे का?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून लिहितोय. माझ्या मोठ्या भावाला बऱ्याच वर्षांपासून नैराश्य आहे. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसने देऊन झाली, गुण आला नाही. ऐन डवरणीत दादा ओट्यावर बसून असतो. बैल खुंट्याला, चहा पुढ्यात थंडगार, वहिनीने दोनतीन हाका मारल्या की मग मान वर करतो.

पुतण्या पुण्याला शिकतो. त्याने सिलोसायबिनबद्दल (काही मशरूममध्ये असणारं, मनावर परिणाम करणारं द्रव्य) कुठंतरी वाचलं आणि "काका, ऑनलाइन मागवू का?" म्हणाला. मी साफ नाही म्हटलं. एनडीपीएस कायद्यात (अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्यात) ते येतं, पोरगा नाहक अडकायचा. शिवाय पाकिटात काय निघेल याचा भरवसा काय? आमच्याकडे पावसाळ्यात वारुळावरच्या सात्या (रानमशरूम) लोक आवडीने खातात, पण जाणत्या म्हातारीने पारखल्याशिवाय चुलीवर चढत नाहीत.

पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली का नको, हा प्रश्न मला सोडत नाही. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून खास परवानगी मिळालेले मानसोपचारतज्ज्ञ हे औषध देऊ शकतात, तेही इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठीच. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२० मध्ये मतदान घेऊन वेगळी वाट धरली: डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, वय २१ पूर्ण हवं, आणि परवाना असलेल्या केंद्रात प्रशिक्षित माणसासमोरच घ्यायचं. आपल्याकडे मला ऑस्ट्रेलियाची पद्धतच हवी. आमच्या मामांना स्किझोफ्रेनिया होता, आणि घरात असा आजार असेल तर हे औषध धोक्याचं ठरू शकतं. दादाला ते चालेल की नाही, हे तज्ज्ञानेच ठरवायला पाहिजे, पुतण्याने किंवा मी नाही.

एनडीपीएसच्या कलम ८ मध्ये वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामासाठी अपवाद ठेवलेला आहे. त्याच्या आधारे भारतात कुठे चाचणी सुरू आहे का, रुग्ण घेतात का? आणि अशा नियमांची मागणी करायची तर निवेदन आरोग्य मंत्रालयाकडे द्यायचं की वित्त मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे? कुणी वकील असतील तर मसुदा तपासून द्याल का?

तोवर दादासाठी विचारतो: नागपूरकडे कुणी नैराश्यासाठी केटामाइन (मुळात भुलीचं औषध) किंवा ईसीटी (भूल देऊन मेंदूला विजेचा झटका देण्याचा उपचार) घेतली आहे का? खर्च किती आला, भरती व्हावं लागलं का, घरचं माणूस सोबत राहू देतात का? चालू गोळ्या बंद केलेल्या नाहीत, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वरही बोलणं चालू आहे. मशरूम कुठे मिळतील ते कृपया सांगू नका. डॉक्टरांची माहिती व्यनि केलीत तरी चालेल, वहिनी आणि मी दादाला घेऊन जाऊ.