जुनी महिंद्रा पिकअप विकायची नाही, ठेवायची आहे – चासीचा गंज आणि इंजिनकाम, आधी काय करू?

नमस्कार मंडळी,

विकू का ठेवू असा प्रश्न नाही हे सुरुवातीलाच सांगतो, कारण सध्या घरात, गल्लीत, मार्केट यार्डात जो भेटतोय तो "काढून टाक की ती आता" एवढंच म्हणायलाय. काढायची नाही. रोज कामाला लावून ठेवायची आहे, तर पैसे आधी कुठं घालायचे ते जाणकारांनी सांगावं.

गाडी महिंद्रा पिकअप, २००६ ची, केए-२२ पासिंग, २५२३ सीसीचं चार सिलिंडरचं एमडीआय डिझेल, जुना मेकॅनिकल पंप, सेन्सर वगैरे काही नाही. आम्ही बेळगावच्या पश्चिमेला, चंदगडच्या हद्दीला लागून. रताळी, बटाटा, कोबी असा माल असतो, बहुतेक एपीएमसीला जातो, अधनंमधनं जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटानं खाली गोव्यात साखळीकडं. म्हणजे गाडीला लाल मातीचा चिखल, घाट आणि चार महिने पाऊस हे कायमचं.

आता काय झालंय ते. उजव्या बाजूच्या मागच्या कमानपाट्याचा (पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) जो हँगर चासीला बसतो तिथं चिखल साचून साचून गंज धरलाय, परवा सर्व्हिसिंगला प्रेशरनं धुतल्यावर दिसलं की हँगरच्या वरच्या बाजूला पापुद्रे सुटलेत आणि एक बारीक चीर पण गेलीय, बोटभर असेल. दुसरं म्हणजे सकाळी सेल्फ लांब मारावा लागतो, सुरू झाली की पांढरा धूर आणि थोडी थरथर, पाचएक मिनिटांत सगळं नॉर्मल. ऑइलची कॅप काढली की भकभक वाफ येते. पाणी कमी होत नाही, ऑइल थोडं खाते. घाटात भरल्या गाडीला तिसरा टाकला की दम कमी वाटतो, पूर्वी तसं नव्हतं. आणि पुढं पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) आलंय, तिथं ही चीर घेऊन जायचं नाही.

एका गॅरेजवाल्यानं बघितल्या बघितल्या पूर्ण इंजिनकाम सांगितलं, लायनर-पिस्टनसकट. दुसऱ्यानं सांगितलं चासीवर पत्रा मारून रंग देऊ, पासिंगवाले बघत नाहीत. दोन्ही ऐकून समाधान झालं नाही म्हणून इथं विचारायलोय.

धाकटा भाऊ म्हणतो नवी घे, पॉवर स्टेअरिंग, एसी, वॉरंटी, कर्ज काय आठवड्यात पास होतंय. त्याचं म्हणणं चुकीचं नाही, गाडी जास्त तोच चालवतो आणि त्याची पाठ दुखते हे मला दिसतंय. खरं मला ही गाडी का सोडवत नाही ते पण सांगतो, कारण नुसतं "वडिलांची आठवण" असं नाही ते.

आमच्याकडं शेताला जायची वाट दोन बांधांच्या मधनं आहे, बैलगाडीच्या मापाची. मोठा टेम्पो येतच नाही, आणि छोटा हत्ती येतो खरं ओल्या मातीत भरला की त्याचं चाक जागेवर फिरतं, दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं इंजिन, त्याच्याकडनं किती अपेक्षा करायची. ही बरोबर मधल्या मापाची. थेट खळ्याशी लागते. हौद्याची उंची अशी आहे की दोन माणसं पोतं झुलवून आत टाकतात, खांद्यावर घ्यावं लागत नाही. रताळ्याचं पोतं जड असतं आणि ओढताना साल सोलवटलं की यार्डात भाव पडतो, त्यामुळं आमची आई फाळका (हौद्याचं मागचं झाकण) पाडून त्यावर गोणपाट अंथरते आणि पोतं त्याच्यावरनं सरकवत नेते, तिला एकटीला जमतं. हौद्याचा पत्रा मधोमध इतका घासून गुळगुळीत झालाय की पोतं आपोआप सरकतं. नव्या गाडीच्या नक्षीदार पत्र्यावर ते सरकणार नाही, हे बारीक वाटेल खरं रोजच्या कामात असंच सगळं असतं.

आणि बॉनेट उघडलं की सगळं दिसतं. पंप दिसतो, नोझलच्या (डिझेल फवारणाऱ्या तोट्यांच्या) चार नळ्या दिसतात, फॅनबेल्ट, डायनामो सगळीकडं हात जातो. डिझेलमधे हवा धरली तर रस्त्याकडेला नट ढिला करून हातपंप मारून हवा काढायची की झालं, चोर्ल्यात मोबाईलला रेंज नसते तिथं हे फार मोठं आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नवे नियम आल्यावर नव्या डिझेल गाड्यांत धुरांड्यात फिल्टर, ठिकठिकाणी सेन्सर, एक दिवा पेटला की लॅपटॉप लावणाऱ्याकडं जा. हवा स्वच्छ राहायला ते हवं हे मला मान्य आहे. पण आमचं पळणं चार-पाच किलोमीटरचं, थांब, परत पळ, असल्या पळण्यात तो फिल्टर तुंबतो असं वापरणारेच सांगतात. उलट माझ्या गाडीला काहीही लागलं तरी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बुश वळवून मिळतो, शाफ्ट भरून मिळतो, पाट्याचं पान बदलून मिळतं. पार्ट मिळाला नाही म्हणून गाडी पडून राहिली असं कधी झालेलं नाही.

तर प्रश्न : १) चासीचं काम रीतसर कसं करतात, पत्रा मारणं चालतं का? २) इंजिन खोलायच्या आधी काय तपासावं? ३) १५ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला पासिंग मिळतं का, यार्डात दोघांनी ठामपणे नाही म्हणून सांगितलंय.

निपाणीकर_२३

तिसऱ्याचं आधी सांगतो. मिळतं. १५ वर्षांत गाडी मोडीत हे लोकांनी दिल्लीचं ऐकून इकडं लावलंय, तिथं दिल्ली आणि आसपासच्या भागात डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची वेगळी भानगड आहे, आपल्याकडं तसं नाही. मालवाहू गाडीला ८ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचं फिटनेस, त्यानंतर दरवर्षी. गाडी जुनी होत जाईल तशी फी बरीच चढते तेवढं धरून चला, आणि फिटनेसमधे नापास होत राहिली तर मात्र स्क्रॅपचा विषय येतो. धुराचं बघा, बीएस-४ च्या आधीच्या डिझेलला मर्यादा ६५ एचएसयू (धुराच्या दाटपणाचं माप) आहे (बीएस-४ ला ५०), आणि तुमच्या गाडीला पीयूसी सहा महिन्यांनी काढायची, वर्षानं नाही. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी म्हणजे नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवलीय का बघून घ्या.

अजून एक, आरसीवर एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर मोटार वाहन कायद्याप्रमाणं मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. आपल्यासारख्या हद्दीवरच्या माणसाला हे सोन्यासारखं आहे, सकाळी निपाणीत, दुपारी कोल्हापुरात, उद्या गोव्यात. मी तंबाखूच्या सीझनला याच एका कारणासाठी जुनी पिकअप ठेवलीय. नवी घ्यायची वेळ आलीच तर हा आकडा बघून घ्या, मोठ्या मॉडेलांत तो ओलांडतोय.

उद्यमबाग_फॅब्रिकेशन

दादा, पत्रा मारून रंग द्यायचं म्हणतोय त्याच्याकडं परत जाऊ नका. गंजावर पत्रा मारला की आत पाणी धरतं आणि वरनं दिसत नाही, एक दिवस भरल्या गाडीखाली हँगर सुटला तर मागचा अॅक्सल तिरका होतो. तवंदी घाटात उतरताना काय होईल विचार करा.

रीतसर काम असं असतंय. पाटा उतरवायचा, हँगर काढायचा, त्या बाजूनं हौद्याचे यू-बोल्ट ढिले करून हौदा उचलून घ्यायचा. मग वायरब्रशनं पांढऱ्या लोखंडापर्यंत घासायचं आणि हातोडीनं फूटभर पुढंमागं ठोकत जायचं, चांगल्या लोखंडाचा ठण्ण आवाज येतो, सडलेल्याचा बद्द. जिथं बद्द येतंय तिथपर्यंत कापायला लागणार. चीर जिथं संपते त्या टोकाला ड्रिलनं भोक मारायचं, नाहीतर वेल्डिंग केल्यावर पण ती पुढं पळते. चीर ग्राइंडरनं व्ही पाडून आतपर्यंत भरायची, घासून सपाट करायची, मग आतल्या बाजूनं प्लेट. प्लेटची टोकं सरळ उभी कापायची नाहीत, तिरकी कापायची, म्हणजे सगळा ताण एका रेषेत येत नाही. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीवर, म्हणजे फ्लँजवर, आडवं वेल्डिंग अजिबात नको.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची दोन्ही टर्मिनलं काढा, नाहीतर डायनामोचे डायोड जातात. डिझेल टाकी आणि ब्रेकच्या नळ्या लांब. चासी नंबर जिथं पंच केलाय तिथं ग्राइंडर, वेल्डिंग, जाड रंग काही लावू देऊ नका, पासिंगला त्याचा पेन्सिलनं ठसा घेतात. सगळं झालं की आतनं प्रायमर आणि दर पावसाळ्यानंतर तिथला चिखल काढायचा. एका बाजूला झालंय म्हणजे डावा हँगर पण बघाच.

पंपवाला_खानापूर

इंजिन आत्ताच खोलू नको भावा. सकाळी पांढरा धूर, गरम झाल्यावर बंद, पाणी कमी नाही, म्हणजे हेड गॅस्केट लगेच धरायचं कारण नाही. आधी चारी नोझल काढून टेस्टरवर लाव. टपकणारं नोझल असलं की थंड इंजिनात डिझेल जळत नाही, पांढरा धूर आणि थरथर तीच. त्याच वेळी कॉम्प्रेशन (आतला दाब) घे चारी सिलिंडरचं. चारीत सारखं असेल आणि थोडं कमी असेल तर अजून पळेल, एकच पडलेलं असेल तर वाल्व किंवा त्याच सिलिंडरची रिंग, पूर्ण इंजिनकाम कशाला. वाल्व क्लिअरन्स शेवटचा कधी केलास? एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि पंपाचं टायमिंग, घाटातला दम पुष्कळदा इथंच अडकलेला असतो.

कॅपमधनं वाफ येते ती किती जोरात ते महत्त्वाचं. गरम इंजिन आयडलवर ठेवून कॅप उलटी करून ऑइल भरायच्या तोंडावर ठेव. नुसती थरथरली तर चालतंय. उडून पडली तर रिंगा गेल्या.

मूळचा_शहापूरचा

मी बरीच वर्षं अमेरिकेत आहे, गाड्यांचा नाद आहे म्हणून लिहितोय. इथं पण हेच चाललंय. फोर्डची छोटी रेंजर १९८३ मॉडेलपासून निघायची, २०११ ला इथलं उत्पादन बंद झालं, आणि २०१९ ला त्याच नावानं परत आली ती अंगानं बरीच मोठी. टोयोटाची जुनी छोटी पिकअप तर १९९५ नंतर इथं मिळायचीच बंद झाली. कारणं दोन-तीन आहेत, बाहेरून येणाऱ्या पिकअपवर १९६४ पासून २५ टक्के आयातकर आहे, आणि मायलेजचे नियम गाडीच्या चाकांमधल्या क्षेत्रफळावर ठरायला लागले, म्हणजे मोठ्या गाडीला सूट जास्त, मग छोटी कोण बनवणार. आता लोक जुन्या छोट्या पिकअप शोधत फिरतात, आणि कारणं विचारली तर तुमच्या पोस्टमधलीच सांगतात : हौद्यात बाजूनं हात पोचतो, गल्लीत वळते, स्वतः दुरुस्त करता येते. रताळी सोडली तर शब्दाला शब्द तेच. गंजाची भीती पण तीच, इथं थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात त्यानं चासी सडते. इंजिन कसंही उभं करता येतं, चासी गेली की गाडी गेली, म्हणून पैसे आधी तिकडं घाला.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दोन कामं केली. कॅप उलटी ठेवून बघितली, थरथरली, उडाली नाही. आणि हातोडी घेऊन दोन्ही बाजू ठोकल्या. डावी बाजू पुढंमागं सगळी ठण्ण वाजते. उजवीकडं हँगरच्या मागं वीतभर बद्द आहे, त्याच्यापुढं चांगली.

तर ठरवलंय असं : चासी आधी, रीतसर. पाटे उतरतीलच तर बुश आणि पिना त्याच फेरीत बदलून घेतो. मग नोझल आणि कॉम्प्रेशन, आकडे आले की इथंच टाकतो, त्याशिवाय इंजिनला हात लावू देत नाही. भावाच्या पाठीसाठी सीटचा फोम नवा करतो आणि किंगपिनला (पुढचं चाक ज्या पिनवर वळतं तिला) ग्रीस जातंय का बघतो, स्टेअरिंग जड व्हायला तिथनंच सुरुवात झाली असावी. नंतर चालवून त्यानं काय ते सांगू दे, तो नाही म्हणाला तर परत बसून बोलू.

एक राहिलं. हँगरला कंपनीचे रिव्हेट आहेत. ते कापल्यावर परत रिव्हेट मारणारा इथं कुणी आहे का, का बोल्ट घालायचे?

उद्यमबाग_फॅब्रिकेशन

बोल्ट घाला, गरम रिव्हेट मारणारे आता शोधून सापडत नाहीत. साधे बाजारातले नकोत, हाय टेन्साइल घ्यायचे, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेलं असतंय. भोक रीमर (भोक नेमक्या मापाला आणायचं हत्यार) मारून बोल्टच्या मापाला घट्ट करून घ्या, ढिल्या भोकात बोल्ट खेळतो आणि परत तिथंच चीर जाते. लॉकनट लावा, आणि भरल्या गाडीनं थोडं पळून आल्यावर एकदा पाना मारून बघा.