मदत हवी आहे: वजन उचलताना बेल्ट, रॅप्स, स्लीव्ह... यातलं खरंच काय लागतं?

नमस्कार मंडळी,

वय चाळिशीच्या पुढे, जिम बऱ्यापैकी नियमित चालू आहे, मशिन्सवरून आता बारबेलवर आलोय, म्हणजे स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बसणं-उठणं), बेंच प्रेस (बाकावर झोपून बार छातीवरून ढकलणं) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) हे तीनच मुख्य, बाकी किरकोळ. स्क्वॉट 80 किलोला 5 रेप्स (सलग 5 वेळा) जातो, डेडलिफ्ट 100 च्या आसपास. फार नाही हे माहितीये पण आता वजन वाढवायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, या वयात कंबर धरली तर पुढचे सहा महिने गेलेच समजा.

तर प्रश्न असा की इजा होऊ नये म्हणून नक्की काय काय घ्यावं? जिममध्ये जितकी तोंडं तितकी मतं. एक जण आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत कमरेला बेल्ट आवळून असतो, बायसेप कर्लला पण, पाणी प्यायला जाताना पण. दुसरा म्हणतो बेल्ट लावला की कंबर कमजोर होते, हात लावू नका.

माझ्या तक्रारी अशा: बेंचला मनगट मागे वळतं आणि दुसऱ्या दिवशी ठणकतं. स्क्वॉटला गुडघे कटकट वाजतात पण दुखत नाहीत. डेडलिफ्टला पाठीच्या आधी पकड सुटते, हातमोजे घालतो तरीही. बूट साधे रनिंगचेच आहेत.

सगळं एकदम घ्यायचं नाहीये, आधी काय ते सांगा. सकाळी लवकर जातो त्यामुळे विचारायला किंवा मागे उभं राहायला कोणी नसतं, म्हणून इथे विचारतोय. जाणकारांनी कृपया मदत करावी.

---

प्रतिसाद १

बेल्टबद्दल सांगतो. बेल्ट कंबर धरून ठेवतो असं लोकांना वाटतं, तसं नसतं. पोटात श्वास भरायचा आणि पोट चारी बाजूंनी बेल्टवर दाबायचं, त्याने पोटातला दाब वाढतो आणि मणक्याला आतून आधार मिळतो. म्हणजे काम तुमचं पोटच करतं, बेल्ट फक्त ढकलायला भिंत देतो. ज्याला बेल्टशिवाय पोट आवळता येत नाही त्याला बेल्टचा उपयोग शून्य, वर खोटा आत्मविश्वास येतो आणि वजन जास्त लावलं जातं ते वेगळंच. अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेने 1994 मध्ये गोदामातल्या वगैरे कामगारांच्या कंबरपट्ट्यांचा आढावा घेतला होता, त्यांनी इजा टळते असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही असाच निष्कर्ष काढला. ते पट्टे वेगळे, काम वेगळं, पण मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

घ्यायचाच तर पुढे-मागे सारख्याच रुंदीचा, 10 सेंमीचा घ्या. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत कमाल रुंदी तीच आणि जाडी जास्तीत जास्त 13 मिमी, पण तुम्हाला 10 मिमी जाडीचा भरपूर झाला. मागे रुंद पुढे निमुळता असतो तो नको, पोट दाबायला पुढेच तर जागा हवी. फक्त जड सेटना लावायचा, सेट संपला की सैल करायचा. वॉर्मअप बेल्टशिवाय. कमजोर वगैरे काही होत नाही.

---

प्रतिसाद २

मनगट मागे वळतंय म्हणजे बार बोटांच्या मुळाशी धरताय. तळहाताच्या खालच्या भागात, अंगठ्याच्या गादीवर घ्या, म्हणजे वजन सरळ हाताच्या हाडांवर येतं. आधी हे करा, मग रॅप्स (मनगटाला गुंडाळायच्या पट्ट्या). आणि रॅप्स सांध्यावरून घ्यायचे, अर्धे वर अर्धे खाली, बरेच जण घड्याळासारखे सांध्याच्या खाली बांधतात त्याला काही अर्थ नाही. बेंचला अंगठा बारभोवतीच ठेवा, बिनअंगठ्याची पकड असेल आणि बार घसरला तर तो थेट छातीवर!!

हातमोजे काढून टाका. त्याने बार उलट जाड होतो आणि पकड अजून सुटते. चॉक (हात कोरडे ठेवणारी पावडर) लावा, जिममध्ये पावडर चालत नसेल तर लिक्विड चॉक मिळतो. स्ट्रॅप्स (मनगटातून बारभोवती गुंडाळायचे पट्टे) शेवटच्या जड सेटपुरते ठीक, रोज नको, नाहीतर पकड वाढणारच नाही. एक तळहात उलटा धरून डेडलिफ्ट करणार असाल तर उलट्या हाताचं कोपर वाकवू नका, बायसेप फाटायचा धोका त्याच हाताला असतो.

रनिंगचे बूट स्क्वॉटला नकोतच, गादीवर उभं राहून वजन उचलल्यासारखं होतं. सपाट कडक तळाचे कुठलेही चालतील.

---

प्रतिसाद ३

वरचं सगळं बरोबर पण मूळ धाग्यातला शेवटचा परिच्छेद कोणी वाचला नाही का? मागे उभं राहायला कोणी नसतं म्हणताय आणि बेंच करताय!

आधी हे सांगा, रॅकला (बार ठेवायच्या चौकटीला) सेफ्टी पिन्स, म्हणजे बार निसटला तर अडवणाऱ्या आडव्या दांड्या, आहेत का आणि तुम्ही त्या लावता का? बेल्ट, रॅप्स, स्लीव्ह एकीकडे आणि या पिन्स एकीकडे. बेंच रॅकच्या आत ओढून घ्या. छाती फुगवून झोपल्यावर बार छातीला टेकेल पण छाती सोडून पाठ सपाट केली की बार पिन्सवर बसेल, इतकी उंची हवी. बार मानेच्या वर राहिलाच पाहिजे. स्क्वॉटला तुमच्या सगळ्यात खालच्या पातळीच्या जरा खाली. रिकाम्या बारने तपासून मगच प्लेट चढवा. यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही, म्हणून कोणी सांगत नाही.

---

धागाकर्ता

सर्वांना मनापासून धन्यवाद. पिन्स आहेत, पण मी बेंच बाहेरच्या स्टँडवर करतो, तिथे नाहीत. उद्यापासून रॅकमध्ये.

अजून दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. गुडघ्याच्या स्लीव्हचं काय? आणि मला बीपीची गोळी चालू आहे, श्वास रोखून पोट दाबायचं म्हणताय ते चालेल का?

---

प्रतिसाद १

बीपीचं आधी सांगायचं की हो! श्वास रोखून जोर लावला की बीपी तेवढ्यापुरतं बरंच वर जातं, बेल्टने पोट दाबलं की अजून. डॉक्टरांना नीट विचारा, नुसतं जिम करू का असं नाही, जड वजन श्वास रोखून उचलू का असं विचारा. तोवर वजन कमी, रेप्स जास्त आणि वर येताना श्वास सोडायचा. बेल्टची खरेदी थांबवा. हर्निया असेल तर तेही सांगा त्यांना.

स्लीव्ह म्हणाल तर कटकट वाजणं आणि दुखत नसणं, सूज नसणं, याची सहसा काळजी नसते. 5 किंवा 7 मिमीची निओप्रीनची स्लीव्ह सांधा गरम ठेवते, जरा घट्ट वाटतं म्हणून बरं वाटतं. लिगामेंट वाचवते असं समजू नका. आवडली तर घ्या.

---

प्रतिसाद ३

रॅकमध्ये गेलात की बारला कॉलर (प्लेट अडवणारी क्लिप) लावा, प्लेट सरकत नाहीत. पण कधी नाइलाजाने बाहेरच्या स्टँडवर एकट्याने बेंच करावीच लागली तर कॉलर लावू नका, अडकलात तर बार एका बाजूला कलंडवून प्लेट पाडता येतात. खरं तर त्या दिवशी डंबेलच करा.