ड्रमशिवाय चार सॅक्सोफोन: वर्ल्ड सॅक्सोफोन क्वार्टेटचं खरं देणं कोणतं?

खर्ज
वर्ल्ड सॅक्सोफोन क्वार्टेट या अमेरिकी जॅझ चौकडीचं नाव निघालं की लोक म्हणतात, 'ते मुक्त जॅझवाले, चौघं मिळून कल्लोळ करायचे.' मला हे अजिबात मान्य नाही.

ज्युलियस हेम्फिल आणि ऑलिव्हर लेक आल्टोवर, डेव्हिड मरे टेनरवर, हॅमिएट ब्लूएट बॅरिटोनवर (सॅक्सोफोनचे प्रकार: आल्टो सर्वांत उंच, टेनर मधला, बॅरिटोन खर्जातला). मरे सोडले तर बाकी तिघं सेंट लुईसच्या ब्लॅक आर्टिस्ट्स ग्रुप या कलाकारांच्या संघटनेतले. १९७६ साली सॅक्सोफोनवादक किड जॉर्डन यांनी त्यांना न्यू ऑर्लिन्सच्या सदर्न युनिव्हर्सिटीत बोलावलं, तेव्हा साथीला ड्रम-बास होते. पुढे चौघांनी ती साथ सोडली आणि नुसत्या सॅक्सोफोनवर उभे राहिले. ड्रम, बास, पियानो गेले तरी त्यांची कामं उरतातच. ती कुणी आणि कशी करायची, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यातही हेम्फिलनी ते कागदावर लिहून ठेवलं, आणि माझ्या मते टिकलेलं आहे ते हेच.

ब्लूएट यांची 'हॅटी वॉल' ऐका. बॅरिटोनवर एक छोटी ओळ पुन्हा पुन्हा फिरते आणि वरचे तिघं तिच्यावर खेळतात. एकल तबल्याला लेहरा (साथीला सतत फिरणारी धून) जे काम करतो तेच ही ओळ करते. आवर्तन कुठे आहे हे कुणाला मोजावं लागत नाही.

पुढची अडचण कॉर्डची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छाची. चारच स्वर हाताशी, त्यातला एक बॅरिटोनकडे गेला. मग सातव्याच्या कॉर्डमधला (पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा स्वर) पंचम बिनधास्त गाळायचा, तिसरा आणि सातवा स्वर टेनर आणि दुसऱ्या आल्टोकडे द्यायचा, वरच्या आल्टोला रंगाचा, म्हणजे कॉर्डला वेगळी छटा देणारा स्वर. हेम्फिल याच्याही पुढे जाऊन दोन वरचे आवाज अर्ध्या स्वराच्या अंतरावर घासत ठेवतात. ४४० आणि ४६६ हर्ट्झ एकत्र वाजले की सेकंदाला सव्वीस ठोके पडतात. ती खरखर मुद्दाम हवी असते. अशा जागी दोघांनी व्हायब्रेटो लावला, म्हणजे स्वर हलवला, की सगळं पातळ होतं. स्वर सरळ धरायचा.

हेम्फिल १९९० च्या सुमारास बाहेर पडले, त्यांच्या जागी आर्थर ब्लाइथ आले आणि 'मेटामॉर्फोसिस' या रेकॉर्डमध्ये आफ्रिकी ढोल आले. जी गोष्ट फक्त या चौकडीची होती ती तिथे सुटली.

तिरकिट
शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण असहमत.

लेहऱ्याची उपमा तुम्हीच दिलीत, तीच पुढे नेतो. लेहरा कशासाठी असतो? तबल्याला मोकळं सोडण्यासाठी. चौकडीत बॅरिटोन हा लेहऱ्याला बांधलेला माणूस आहे. ब्लूएटसारखा वादक, ज्यांनी बॅरिटोन टेनरच्याही वरच्या पट्टीत नेऊन दाखवला, तो रात्रभर खालची ओळ धरून बसणार? ढोल आल्यावर ते मोकळे झाले. शिवाय ताल आफ्रिकेकडून आणणं ही या चौघांच्या विचारातलीच गोष्ट होती, उपरी नव्हे. रेकॉर्ड तुम्हाला आवडली नसेल, हरकत नाही. पण तिला घसरण म्हणू नका.

सोप्रानोवाले काका
थोडी दुरुस्ती. चार सॅक्सोफोनचा संच ही काही यांची कल्पना नव्हे. संगीतकार सिंजेलेंचं पहिलं चौकडीसाठीचं लेखन १८५७ चं आहे, सॅक्सोफोनचे जनक ॲडॉल्फ साक्स यांच्या पेटंटनंतर अकराच वर्षांनी. फ्रेंच सॅक्सोफोनवादक मार्सेल म्यूल यांनी पॅरिसमध्ये १९२८ मध्ये आपली चौकडी बांधली. जॅझमध्येही सॅक्सोफोनवादक अँथनी ब्रॅक्स्टनच्या १९७४ च्या न्यूयॉर्क रेकॉर्डवर एका रचनेत ब्रॅक्स्टनसोबत हेम्फिल, लेक आणि ब्लूएट आहेतच. एवढंच काय, यांचं सुरुवातीचं नाव 'रिअल न्यूयॉर्क सॅक्सोफोन क्वार्टेट' होतं. 'न्यूयॉर्क सॅक्सोफोन क्वार्टेट' नावाचा संच आधीपासून होता म्हणून 'वर्ल्ड' झालं.

आणि देणंच मोजायचं तर रोव्हा या सॅक्सोफोन चौकडीला बाजूला कसं ठेवता? रास्किन, ऑक्स, व्हॉइट, ॲकली, चौघांच्या आडनावांची आद्याक्षरं. तेही १९७७ पासूनचे. १९८३ मध्ये सोव्हिएत युनियनचा दौरा केला. कुणी कधी थांबायचं, कुणी कुणाची नक्कल करायची, हे वाजवता वाजवता हाताच्या खुणांनी ठरवायची पद्धत त्यांनी बसवली. ही पद्धत कुठलाही संच उचलू शकतो. देणं म्हणतात ते हे.

खर्ज
काका, पहिले होते असं मी म्हटलंच नाही. पण म्यूल यांच्या परंपरेत चारही वाद्यं एकाच गळ्यातून आल्यासारखी वाजवायची असतात. इथे चार माणसं डोळे मिटूनही ओळखू येतात. लेक यांचा टोकदार आल्टो आणि हेम्फिल यांचा ब्लूजमध्ये भिजलेला आल्टो शेजारी ठेवा, वाद्य एकच आहे यावर विश्वास बसत नाही. रोव्हाबद्दल मात्र मान्य, त्यांना सोडून ही चर्चा पुरी होत नाही.

तिरकिट, ब्लूएट बांधले गेले होते हे पटत नाही. ओळ फिरवता फिरवता ते ती मोडतात, टेनर उचलतो, ते वर जातात आणि परत येतात. ढोल नसल्यामुळेच ही देवाणघेवाण उघड ऐकू येते.

रीड अडीच
ओळ टेनरने उचलायची, हे लिहायला सोपं आहे. चौकड्या नेमक्या इथेच कोसळतात, म्हणून सविस्तर लिहिते.

गती १२० असेल तर चार मात्रांचे चार बार म्हणजे आठ सेकंद. बॅरिटोनच्या तळाच्या स्वरांना जोरात वाजवताना हवा इतकी लागते की आठ सेकंद सलग ओढणं जड जातं. मग वादक बारच्या रेघेवर श्वास घेतो, सम उशिरा पडते, पुढच्या वेळी ती चूक भरून काढायला तो घाई करतो. दहाव्या आवर्तनाला गती १३० वर गेलेली असते. ड्रम नसला की गती पळते ती बहुतेक श्वासामुळे.

उपाय असा. श्वासाची जागा ओळीतच लिहायची, दुसऱ्या बारचा शेवटचा अर्ध्या मात्रेचा स्वर गाळून. तो स्वर टेनरला द्यायचा. मेट्रोनोम आधी फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, मग दोन बारांत एकच टिक. बॅरिटोनला अर्धवर्तुळाच्या टोकाला बसवू नका, टेनरशेजारी मध्ये घ्या. गालात हवा साठवून नाकाने श्वास घ्यायची युक्ती शिकावीच, पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉने बुडबुडे अखंड ठेवून. पण ती खालच्या स्वरांवर शेवटी जमते, सुरुवात मधल्या पट्टीपासून करा.

सुराचंही बोलायला हवं. सॅक्सोफोन जोरात वाजला की उतरतो, हळू वाजला की चढतो. चौघं एकदम हळू झाले आणि एकजण तसाच राहिला की कॉर्ड फाटते. ट्यूनरवर चौघांची सुई मध्यावर आणून भागत नाही. बॅरिटोनचा षड्ज, त्यावर पंचम, आणि मग गंधार तानपुऱ्यातल्या स्वयंभू गंधाराइतका खाली, म्हणजे ट्यूनरच्या मध्यापासून १४ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) उतरता. तो बसला की कॉर्ड एकदम मोठी ऐकू येते.

म्हणून मला धागाकर्त्यांचं म्हणणं निम्मंच पटतं. हेम्फिलचं लेखन मोलाचं आहे. पण मरे ज्या झेपा वाद्याच्या नेहमीच्या आवाक्याबाहेर टाकतात, त्या कुठल्या कागदावर येणार? हेम्फिलच्याच रचना समोर ठेवून भलत्या सुरात वाजवणाऱ्या चौकडीकडे काय उरतं?

खर्ज
कागद पुरेसा असतो याचा पुरावा आहे. बाहेर पडल्यावर हेम्फिलनी सहा सॅक्सोफोनचा संच बांधला, तिथेही ड्रम नाही. १९९५ मध्ये ते गेले. त्यानंतरही मार्टी एर्लिक यांच्या नेतृत्वाखाली तो संच त्यांचं संगीत वाजवत राहिला, लेखक स्वतः नसताना. बाकी तुमचा सुराचा परिच्छेद प्रत्येक चौकडीने भिंतीवर चिकटवावा.

तिरकिट
सहा माणसं आणि चार माणसं यांत फरक आहे, खर्ज. सहांत दोघं श्वास घेतात तेव्हा चौघं वाजत असतात. हेम्फिलनाही चार कमी पडले असं मी यातून वाचतो. ढोल आणा किंवा आणखी दोन सॅक्सोफोन आणा, गरज एकच होती.

खर्ज
हा मुद्दा बिनतोड आहे. 'मेटामॉर्फोसिस'ला सुटणं म्हणालो, तो शब्द मागे घेतो. ड्यूक एलिंग्टन यांच्या रचनांची चौकडीची १९८६ ची रेकॉर्ड मला अजूनही जास्त जवळची आहे, कारण तिथे मोठ्या बँडच्या सॅक्सोफोन रांगेचा भरणा फक्त चौघांत आहे.

नवखी आल्टो
मध्येच विचारते. कॉलेजच्या संचात दोन आल्टो, दोन टेनर आहेत, बॅरिटोन नाही. खालची ओळ टेनरवर चालेल का?

रीड अडीच
चालेल, पण आहे त्या पट्टीत नाही. लो-ए ही जास्तीची खालची किल्ली असलेला बॅरिटोन ६५ हर्ट्झपर्यंत जातो, टेनर १०४ च्या आसपास थांबतो. ओळ नुसती सप्तक वर उचललीत तर ती आल्टोंच्या पोटात शिरते. पट्टीच बदला, ओळ टेनरच्या तळाच्या बी-फ्लॅट ते एफ या लिहिलेल्या स्वरांत बसेल अशी, आणि आल्टोंना त्या भागात उतरू देऊ नका. तळाचे स्वर फुटत असतील तर रीड (तोंडातली वेताची पट्टी) बदलण्याआधी जी-शार्पच्या छिद्रावरची पॅड (झाकणाची गादी) गळते का ते बघा. पावसाळ्यात पॅड फुगतात आणि नीट बसत नाहीत. वाद्याच्या आत दिवा सोडून अंधारात तपासा, फट लगेच दिसते.