मिड-सेम हुकली, फायनलला बसू देतील का? अर्जंट

काळीमाती_०७ (रात्री ११:४२)
बीएस्सी ॲग्री पहिलं वर्ष. एका विषयाची मिड हुकली. फायनलला बसू देतील का? बसू दिलं तर पास होता येतं का? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच लिहा. गुगल करून झालंय, डोकं फिरलंय. परीक्षा फॉर्मची मुदत जवळ आली आहे.

बांधावरचा (रात्री ११:५१)
अरे बाबा, "एका विषयाची" म्हणजे कोणत्या? विद्यापीठ कोणतं? राज्यात चार आहेत, राहुरी, अकोला, परभणी, दापोली. कॉलेज सरकारी की खाजगी? आणि हुकली कशी, आजारी होतास की झोपून राहिलास?

पेठकर (रात्री ११:५८)
टेन्शन घेऊ नकोस. एटीकेटी मिळते. मी बीकॉमला तीन विषय मागे ठेवून पुढच्या वर्षात गेलो होतो. आज सीएच्या ऑफिसात बरा चाललोय.

बांधावरचा (रात्री १२:०३)
पेठकर, त्याने "नक्की माहीत आहे त्यांनीच" लिहा म्हटलंय.

पेठकर (रात्री १२:०६)
नियम सगळीकडे सारखेच असतात हो. यूजीसी एकच आहे.

बांधावरचा (रात्री १२:१५)
इथेच गाडी चुकते. कृषीचा अभ्यासक्रम यूजीसी ठरवत नाही. आयसीएआर, म्हणजे भारतीय कृषी अनुसंधान परिषद, दर काही वर्षांनी अधिष्ठाता समिती बसवते, तिच्या शिफारशींवर तो चालतो. २०२४-२५ पासून सहाव्या समितीचा सुरू झाला, माझी बॅच पाचव्या समितीची. आणि चार विद्यापीठांचा मेळ घालायला पुण्यात महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद आहे. बीकॉमचं गणित इथे लावून पोराला खड्ड्यात घालू नका.

काळीमाती_०७ (सकाळी ७:१०)
राहुरी. खाजगी. मृदा विज्ञान, ३(२+१). घरात लग्न होतं. आता सांगा.

गावरान_तूर (सकाळी ७:३२)
लग्न कोणाचं होतं भाऊ? तुयंच तर नव्हतं?

काळीमाती_०७ (सकाळी ७:३५)
चुलत बहिणीचं. मिडची तारीख आधी पुढची होती, ती अलीकडे आणली. मेसेज वर्गाच्या ग्रुपवर आला, मी मांडवात होतो, पाहिलाच नाही.

खतवाला (सकाळी ८:०५)
यात काय एवढं. ओळखीच्या डॉक्टरकडून कावीळ लिहून आण. दहा दिवस विश्रांती. माझ्या भाच्याने असंच केलं, परत घेतली त्याची मिड.

निवृत्त_गुरुजी (सकाळी ९:२०)
खतवाला, असले सल्ले मुलांना देऊ नका. मी तीस वर्षं कृषी महाविद्यालयात शिकवलं. खोटे दाखले आम्हाला लांबून ओळखू येत. कावीळ झालेला मुलगा बहिणीच्या वरातीत नाचतानाचा फोटो अख्ख्या वर्गाने पाहिलेला असतो.

काळीमाती, आधी एक गोष्ट समजून घे. मिडला गैरहजर म्हणजे त्या भागाचे शून्य गुण. पण शून्य मिळाले म्हणून फायनलला बसता येत नाही असं आमच्याकडे कधी नव्हतं. अडवणूक होते ती हजेरीवरून. तेव्हा हजेरी किती आहे ते सांग. आणि सेमिस्टरच्या सुरुवातीला विषयाच्या सरांनी कोर्स प्लॅन दिला असेल, त्यावर गुणांची विभागणी असते. ती इथे लिही. अंदाजावर मी बोलणार नाही.

काळीमाती_०७ (सकाळी ९:४४)
सर, प्लॅनवर आहे: फायनल ५०, मिड ३०, प्रॅक्टिकल १५, असाइनमेंट ५.

गावरान_तूर (सकाळी ९:५८)
मंग काय, ५० पैकी २५ आणले की पास. झालं. सोपं हाय. मी अकोल्याचा, पहिल्या सेमला दोन विषयांत लटकलो होतो, आज बँकेत कृषी अधिकारी हाओ.

पेठकर (सकाळी १०:१०)
२५ कसे? पास किती गुणांना?

बांधावरचा (सकाळी १०:१४)
शंभरात ५०. दहाच्या मापात ५ पॉइंट. पन्नासच्या खाली एफ.

पेठकर (सकाळी १०:३१)
मग गावरान भाऊंचा हिशोब चुकला. कृषी मला कळत नाही, पण बेरीज कळते. मिड ० धरा. प्रॅक्टिकल १५ पैकी १२, असाइनमेंट ५ पैकी ४ मिळाले असं समजू. झाले १६. पन्नास गाठायला फायनलमध्ये ३४ हवेत. म्हणजे ६८ टक्के. २५ आणले तर एकूण ४१, नापास.

गावरान_तूर (सकाळी १०:३६)
बराबर हाय बाप्पा. माया मिडचे गुण होते, म्हणून २५ वर निभावलं असंन.

निवृत्त_गुरुजी (सकाळी ११:०२)
पेठकरांचं बरोबर. एक भर घालतो. काही नियमावलींत फायनलच्या पेपरात वेगळे किमान गुण लागतात, काहींत एकूण बेरीजच पाहतात. तुझ्या विद्यापीठाची नियमावली ग्रंथालयात किंवा परीक्षा विभागात असेल, ती माग. मुलं चार वर्षं काढतात पण ते पुस्तक उघडत नाहीत. निकाल लागला की मग रांगेत उभी.

काळीमाती_०७ (सकाळी ११:०९)
६८ टक्के??? मृदा विज्ञानात??? ओजीपीएची वाट लागली.

पेठकर (सकाळी ११:४०)
ते कसं काढतात?

बांधावरचा (सकाळी ११:४८)
ओजीपीए म्हणजे सगळ्या विषयांच्या पॉइंटची एकूण सरासरी. विषयाचे पॉइंट गुणिले त्याचे क्रेडिट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. ३(२+१) म्हणजे आठवड्याला दोन लेक्चर आणि एक प्रॅक्टिकल, वजन ३ क्रेडिटचं. ओजीपीए ८ च्या वर डिस्टिंक्शन, ७ ते ८ फर्स्ट क्लास, ६ ते ७ सेकंड, ५ ते ६ नुसता पास. टक्के हवे असतील तर दहाने गुणायचं.

पेठकर (दुपारी १२:०५)
समजा सेमिस्टर २० क्रेडिटचं. या विषयात काठावर ५ पॉइंट, ३ क्रेडिट, झाले १५. बाकी १७ क्रेडिटला सरासरी ७.६ धरली तर १२९.२. एकूण १४४.२, भागिले २०, ७.२१. फर्स्ट क्लास शाबूत. एवढ्यासाठी पोरगं रात्री पावणेबाराला रडत होतं?

बांधावरचा (दुपारी १२:०७)
पेठकर, कालचे शब्द मागे. तुम्ही कृषीला यायला हवं होतं.

सायलीची_आई (दुपारी १:१५)
नमस्कार. मध्येच विचारते, राग मानू नका. माझी मुलगी बारावीला आहे, पीसीएम, बायोलॉजी नाही. तिला ॲग्री करायचं आहे. चालेल का? आणि सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे, त्याचे जास्तीचे गुण मिळतात म्हणे?

खतवाला (दुपारी १:२२)
ताई, ॲग्रीला घालूच नका. चार वर्षं घालवून पोरं शेवटी माझ्यासारखं कृषी सेवा केंद्रच टाकतात. मी 'देसी' केलं, हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा एक वर्षाचा डिप्लोमा. वर्ग आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, दुकान एक दिवस बंद नाही.

बांधावरचा (दुपारी १:४०)
खतवाला दादा, 'देसी' आधीपासून खतं-औषधं विकणाऱ्या दुकानदारांसाठी आहे. बारावीच्या पोरीला त्याचं काय?

ताई, पीसीएम चालतं. सीईटी गणित गटाची दिली तरी चालते, त्यात गणित १०० गुणांना, फिजिक्स आणि केमिस्ट्री ५०-५०, चुकलं म्हणून गुण कापत नाहीत. बारावीला खुल्या गटाला ५० टक्के, राखीवला ४० लागतात. आमच्या बॅचला गणितवाल्यांना पहिल्या सेमला 'प्राथमिक जीवशास्त्र' घ्यावं लागे आणि बायोवाल्यांना 'प्राथमिक गणित'. दोन्ही बाजू एकमेकांना हसायच्या. शिवाय कृषी विद्यापीठांतल्या २० टक्के जागा आयसीएआर देशपातळीवर सीयूईटी या प्रवेश परीक्षेतून भरते, तिथे विषयांची अट वेगळी वाचा.

गावरान_तूर (दुपारी २:०३)
सातबाऱ्याचं मी सांगतो. आमच्या वेळी तलाठ्याकडून उतारा आणला की काम होई. आजोबाच्या नावावर चालते.

निवृत्त_गुरुजी (दुपारी २:३०)
"आमच्या वेळी" वर प्रवेश होत नाहीत, गावरानराव. दाखला कुणाच्या सहीचा, कोणत्या नमुन्यात, आणि जमीन कुणाच्या नावावर चालते, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच पाहावं. प्रपत्रं शेवटच्या पानांवर असतात. ताई, सासरे हयात आहेत का? नसतील तर आधी वारस नोंद आणि फेरफार करून घ्या. त्याला वेळ लागतो, आणि जून-जुलैत तहसीलला उभं राहायला जागा नसते.

सायलीची_आई (दुपारी २:४१)
हयात आहेत. पण दोन दिरांशी वाटणीवरून बोलणं बंद आहे. असो, तो वेगळा विषय.

कृष्णाकाठ (दुपारी ४:१०)
इथे मृदा विज्ञानवाले दिसतात म्हणून विचारतो. सांगली जिल्हा, नदीकाठ, तीस वर्षं ऊस. आता दोन एकरावर पांढरं फुटलंय, पाऊस पडला की जमीन फुगते, वाळली की दगड. खारवट म्हणायची की चोपण? एकजण म्हणतो जिप्सम टाका, एकजण म्हणतो पाणी भरून धुवा.

खतवाला (दुपारी ४:१८)
जिप्सम माझ्याकडे मिळेल. किती गोण्या?

बांधावरचा (दुपारी ४:२२)
साहेब, हा परीक्षेचा धागा आहे.

निवृत्त_गुरुजी (दुपारी ४:४५)
राहू द्या, राहू द्या. हा तर त्या मुलाचा अभ्यास आहे. काळीमाती, खारवट आणि चोपण यांतला फरक हा परीक्षेतला माझा लाडका प्रश्न होता, निम्मा वर्ग त्यात अडखळायचा. तू लिही उत्तर. कृष्णाकाठ, तुमचा माती परीक्षणाचा अहवाल असेल तर आकडे द्या.

काळीमाती_०७ (संध्याकाळी ६:३०)
सर, लिहितो, पण एक सांगायचं राहिलं. ऑफिसबाहेर हजेरी कमी असलेल्यांची यादी लागली आहे. माझं नाव आहे. प्रॅक्टिकलमध्ये. नोटिशीत ७५ टक्के लिहिलंय. फॉर्म घेत नाहीत.

बांधावरचा (संध्याकाळी ६:३३)
हे तू काल रात्री ११:४२ ला सांगायला हवं होतंस!!! आम्ही दिवसभर मिडचे हिशोब करतोय.

काळीमाती_०७ (संध्याकाळी ६:३५)
मला वाटलं मिड हुकल्यामुळेच नाव आलं.

निवृत्त_गुरुजी (संध्याकाळी ६:५२)
आतापर्यंत प्रॅक्टिकल किती झाली, तू किती केलीस, उरली किती? तीन आकडे दे. दुसरं काही लिहू नकोस.

काळीमाती_०७ (संध्याकाळी ७:०५)
१२ झाली. ८ केली. ४ उरली.

पेठकर (संध्याकाळी ७:०६)
१६ पैकी १२. बरोबर ७५. एकही चुकवू नकोस.

निवृत्त_गुरुजी (संध्याकाळी ७:३०)
म्हणजे यादी आजच्या तारखेची आहे, सेमिस्टरअखेरची नाही. उद्या विषयाच्या सरांकडे जा. आधी एकटा जा, वडिलांना किंवा गावच्या पुढाऱ्याला घेऊन जाऊ नकोस. उरलेल्या चारही प्रॅक्टिकलना येईन असं लेखी दे, रेकॉर्ड बुक पूर्ण करून सोबत ने. लग्नाचं खरं कारण सांग. मिड परत घ्या असंही विचार, पण नाही म्हणाले तर वाद घालू नकोस. ऑफिसातल्या क्लार्कशी भांडून यादीतलं नाव जात नाही, ते विषयाच्या सरांच्या सहीने जातं.

गावरान_तूर (रात्री ८:१५)
आनं सातव्या सेमला रावे असते, गावात राहा लागते शेतकऱ्याकडं, तिथं असं करू नको. आमच्यातला एक जण गाव सोडून आठ दिवस नागपुरात फिरला. नेमका त्याच आठवड्यात सर भेटीला आले. शेतकरी बिचारा म्हणे, "पोरगं वावरात गेलंय", आनं वावर कोणतं तेच त्याले सांगता येईना.

सायलीची_आई (रात्री ८:४०)
रावे म्हणजे काय? मुलींना पण गावात राहावं लागतं का?

बांधावरचा (रात्री ८:५५)
ग्रामीण कृषी कार्यानुभव. हो, मुलींनाही असतं. आमच्या मुलींचा गट एकत्र राहायचा, सोय चांगली होती. खरं तर चार वर्षांत शेती तिथेच कळते.

काळीमाती_०७ (दुसऱ्या दिवशी, दुपारी ३:२०)
गेलो होतो. सर आधी दहा मिनिटं काहीच बोलले नाहीत, रेकॉर्ड बुक चाळत होते. मग म्हणाले मिड परत होणार नाही, तुझ्यासाठी वेगळा पेपर काढू का. पण चारही प्रॅक्टिकल केलीस तर नाव काढतो. फायनलला वेगळे किमान गुण आहेत का विचारलं तर म्हणाले नियमावली वाच, परवा मला तूच सांग. फॉर्म सशर्त घेतला. पेठकर काका, ३४ चा आकडा टेबलाच्या वर चिकटवलाय.

पेठकर (दुपारी ३:२४)
३४ नाही, ४० चं चिकटव. प्रॅक्टिकलला १२ मी मनाने धरलेत.

कृष्णाकाठ (दुपारी ३:५०)
अहवाल सापडला. सामू (पीएच) ८.९, क्षारता ०.८. चुनखडी जास्त. आता बोला.

काळीमाती_०७ (संध्याकाळी ५:१५)
काका, चोपण वाटते. खारवट असती तर क्षारता ४ च्या वर गेली असती. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, म्हणून ती फुगते आणि पाणी मुरत नाही. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली जातो. म्हणून आधी निचऱ्याचे चर हवेत, नाहीतर जिप्सम वाया. चुनखडी आहे तर गंधकही चालतं. नुसतं पाणी भरून धुऊ नका.

कृष्णाकाठ (संध्याकाळी ५:३०)
शाब्बास. चर काढायला शेजारी वाट देत नाही, हीच अडचण आहे.

निवृत्त_गुरुजी (संध्याकाळी ५:४८)
पाचपैकी साडेतीन. विनिमयक्षम सोडियम, म्हणजे कणांना चिकटलेला, १५ टक्क्यांच्या वर हवा, हे लिहिलं नाहीस, आणि तो आकडा अहवालात आहे का हेही काकांना विचारलं नाहीस. सामू ८.५ ची सीमा कुठे आहे?

काळीमाती_०७ (संध्याकाळी ५:५२)
सर, उद्या सकाळी ८ ला प्रॅक्टिकल आहे. रात्री लिहितो.